अंगणातले पांढरे डाग

परवा एका जुन्या सहकारी मित्राचा पुण्याहून फोन आला. त्याच्या मुलाने बंगल्यापुढे, फाटकापासून पोर्चपर्यंत, नक्षीचं रंगीत काँक्रीट केलंय. वर्षाच्या आत त्यावर पांढरे नि काळपट डाग उमटले. "तुझ्याकडेही असंच झालं होतं ना? काय केलंस मग?"

मी अर्धा तास बोललो, तरी पुरं झालं नाही. डाग काढायची कृती चार-सहा ओळींची आहे. पण ती कळायला मला दोन वर्षं लागली, आणि मध्ये आपल्या नीरा खोऱ्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आडवा आला. म्हटलं, आता सगळं एकदा लिहूनच काढावं.

आमच्या निमगाव केतकीच्या घराला पूर्वी मातीचं अंगण होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने चोपून केलेलं. दर आठवड्याला शेणाने सारवायचं, रोज सकाळी सडा. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की दिंडीतली पन्नासेक माणसं त्या अंगणात पथारी टाकायची. माती कुठे उखडली, तर आई तिथे मूठभर माती-शेण लिंपून टाकी. दुसऱ्या दिवशी ती जागा ओळखू येत नसे. मातीच्या अंगणाचा हा मोठा गुण. ठिगळ लावलं तरी दिसत नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात मुलाने हट्ट धरला. गाडी आत घ्यायची, पावसाळ्यात चिखल होतो, आणि हिचे गुडघे आता सारवायच्या कामाचे राहिले नाहीत. म्हणून ठशाचं काँक्रीट करायचं ठरलं. ओल्या काँक्रीटवर विटकरी रंगाची पावडर भुरभुरायची, थापीने घोटायची, मग रबरी साचे दाबून दगडी फरशीची नक्षी उठवायची. काम घेतलं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. नाव सांगत नाही. दहावीला गणितात दोनदा राहिला होता, पण हाताला साधन चांगलं.

काम देखणं झालं. दोन महिन्यांत मात्र डाग दिसू लागले. काही ठिकाणी रंग गडद, काही ठिकाणी फिका. आणि बागेच्या कडेने, सांध्या-सांध्यातून पिठासारखी पांढरी भुकटी. मी त्याला बोलावून घेतलं आणि वर्गात बोलायचो तसंच बोललो. शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता, तो अडवला. तो एवढंच म्हणाला, "सर, माल चांगला वापरलाय." आणि गेला.

आता जरा मागे जाऊ.

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, जुन्या भिंती पडून त्यांवर नव्या उठल्या, त्यातून ती माती पांढरट होत गेली. घराच्या धाब्यावर टाकायला हीच माती लागे. काळी पोटाला, पांढरी निवाऱ्याला. रंगावरून कोण कशासाठी ते ठरलेलं.

आणि काळीत पांढरं दिसलं की शेतकरी दचकायचा.

आपल्या इंदापूर तालुक्याची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मुंबई इलाख्याची जमीन मोजणीची आणि साऱ्याची जी पद्धत पुढे सगळीकडे लागू झाली, तिचा पहिला प्रयोग इथे झाला. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८च्या सुमारास ठरवलेला सारा शेतकऱ्याला झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापुरात नव्याने मोजणीला बसले. पुढे १८४७मध्ये या कामाचा संयुक्त अहवाल निघाला. त्यात मातीची खोली आणि पोत पाहून प्रतवारी केली आहे आणि जमिनीच्या दोषांना वेगवेगळ्या खुणा दिल्या आहेत. या दोषांची नावं साहेबांनी विलायतेहून आणली नव्हती, ती आपल्याच माणसांच्या तोंडची घेतली. चुनखड, वाळसर, उतारवट, धुवट, उपळवट. उपळवट म्हणजे जिथे खालून पाणी वर येतं ती जमीन. म्हणजे कालवा यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसाला ठाऊक होतं की जमिनीला वरून दोष लागतो तसा खालूनही लागतो.

मग कालवा आला. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचं खोदकाम सुरू झालं आणि १८८५ साली पाणी सुटलं. साठा भाटघरला, वेळवंडी नदीवर. आजचा बारामती-इंदापूरचा ऊस, गूळ, साखर कारखाने, सगळ्याचं मूळ त्या पाण्यात आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या मुलुखात बाजरी-ज्वारीचीही खात्री नव्हती, तिथे बारमाही हिरवं दिसू लागलं.

पण पाणी देण्याची सोय झाली, काढण्याची झाली नाही. उसाला पाट सोडून दिला की भरेल तेवढं भरायचं. काळी माती जड, पाणी सावकाश जिरतं. जिरलेलं पाणी खाली मुरमावर, खडकावर साठत गेलं. विहिरींची पातळी वर आली, तेव्हा लोक खूश झाले. मग ओल मुळांपर्यंत आली. उन्हाने वरचं पाणी उडालं की खालचं वर चढे. येताना मातीतले क्षार विरघळवून आणी, आणि स्वतः उडून जाताना ते वर ठेवून जाई. काळी पांढरी झाली. आधी चिबड, मग चोपण.

या प्रकाराचा नीट अभ्यास प्रथम केला तो हॅरॉल्ड मॅन यांनी. हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. पिंपळे सौदागर गावाचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ साली पुस्तकरूपाने निघाला, म्हणून अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. त्याआधी, १९१० साली, त्यांनी ताम्हाणे या सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिका काढली होती. कालवा सुटून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. तिचा मथितार्थ माझ्या शब्दांत असा : मीठ कालव्याने आणलेलं नाही, ते मातीतच होतं. वर आणलं ते वाढलेल्या भूजलाने. तेव्हा वरचं मीठ खरवडून उपयोग नाही, खालचं पाणी काढून द्या.

पुढे १९१६ साली मुंबई सरकारने दख्खनच्या कालव्यांवरच्या शेतीचे प्रश्न सोडवायला एक खास पाटबंधारे विभाग पुण्यात काढला. आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, तिचं मूळ हेच. नद्यांची, बंदरांची मोठमोठी प्रतिरूपं करणाऱ्या त्या संस्थेचा जन्म आपल्याकडच्या चिबड शेतांसारख्या प्रश्नांतून झाला, हे मला उतारवयात कळलं. क्लॉड इंग्लिस हे तिथले इंजिनिअर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गोखले यांनी १९२८ साली पाणथळ आणि खारवट जमिनींच्या निचऱ्यावर टिपण लिहिलं. उपाय एकच, चर. खोल चर काढून ओढ्याला पाणी लावून द्या, मग वरून गोडं पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढा.

हे वाचताना मला आजोळ आठवत होतं. माझे मामा कालव्याच्या कडेचे, बारामतीच्या बाजूचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९५८-५९. दिवाळीच्या सुट्टीत गेलो की मामांच्या वरच्या तुकड्यात पांढरा थर दिसायचा. पायाखाली कुरकुर वाजायचा. मामा दर हिवाळ्यात तो फावड्याने ओढून बांधाला लावत. वरून शेणखत टाकत, लांबून आणलेली माती पसरत. एक हंगाम बरं दिसे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चर काढायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण चर आपल्या बांधाशी थांबून भागत नाही, तो ओढ्यापर्यंत न्यावा लागतो आणि वाटेत चार जणांच्या जमिनी. ते चौघे कधी एका ठिकाणी बसलेच नाहीत. पाणी प्रत्येकाला आपापलं घेता येतं, निचरा मात्र सगळ्यांनी मिळूनच करावा लागतो. मामांनी ती दीड एकर जमीन शेवटी पडीक टाकली. तिच्यावर वेडी बाभूळ वाढलेली मी पाहिली आहे.

आता काँक्रीटकडे येतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली घेतलं. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव. म्हणजे पहिल्या दिवसापासून याचं सोंग दगडाचं! आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं, तोवर चुना आणि सुरखीचं राज्य होतं. बैल जुंपून घाणीत मळलेला चुना. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स ही स्वदेशी कंपनी निघाली आणि रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या वाड्यांतून, चाळींतून, देवळांतून दिसू लागल्या. खेड्यात मात्र लाल कोबा आला की माणूस सुधारला असं समजत. सिमेंट परमिटवर मिळे. १९८२ साली नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. ओट्याच्या कामाला दहा पोती परमिटवर मिळवली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.

ठशाच्या काँक्रीटचा धंदा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी १९५०च्या दशकात असे साचे तयार करून हा प्रकार रूढ केला. आपल्या गावांत तो गेल्या काही वर्षांतला, मंगल कार्यालयं नि पेट्रोल पंपांवरून बंगल्यांत शिरलेला.

मूळ प्रश्न असा की याला डाग का पडतात? सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं, तेव्हा त्यातून थोडा चुना मोकळा होतो. विड्याला लावतो तोच चुना, आणि पानमळ्यांच्या गावात चुना कोणाला समजावायचा! हा चुना पाण्यात किंचित विरघळतो. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून ओल वर आली की तो वर येतो, हवेतल्या कर्बवायूशी मिळतो आणि त्याचा पांढरा खडू होऊन बसतो. बोअरच्या पाण्यात क्षार असले तर तेही सोबत. मामांच्या शेतातला क्षार निराळा, हा निराळा. पण वाट तीच. खालून पाणी, वरून ऊन, आणि मध्ये उरणारं पांढरं.

हे मला आधी कळलं नव्हतं. मी काय केलं, तर दुकानातून ॲसिड आणून कोपऱ्यावर ओतलं. फेस आला, पांढरं गेलं, आणि सोबत विटकरी रंगही गेला. पंधरवड्याने पांढरं परत आलं, रंग आला नाही. मग कोणाच्या सांगण्यावरून चकाकीचा सीलर मारून घेतला. खालची ओल त्याच्याखाली कोंडली आणि तो सीलरच दुधासारखा झाला. मामांचं फावडं आणि माझा ब्रश यांत काही फरक राहिला नव्हता.

त्याच दिवसांत मॅनसाहेबांच्या पुस्तिकेविषयी वाचनात आलं. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. ऊन तिरपं होतं. समोरच्या गडद डागाकडे पाहता पाहता लक्षात आलं की याच्या कडा सरळ आहेत. निसर्गात डागाला काटकोन नसतो. उठलो, पट्टी आणली, मोजलं. शेजारचा डागही तेवढाच. त्याच्या शेजारचाही. मग गोठ्यात जाऊन खताची रिकामी पिशवी आणली आणि डागावर अंथरली. तंतोतंत बसली.

त्या पिशव्या मी अंथरल्या होत्या. काम झाल्यावर तो मला सांगून गेला होता, "सर, पाणी मारू नका, प्लास्टिक टाकू नका, मी औषध मारलंय." पण आमच्या पिढीच्या डोक्यात एकच बसलेलं, सिमेंटला पाणी पाजावं. वैशाखाचं ऊन होतं. मला वाटलं, पोराला काय कळतंय. म्हणून खताच्या पिशव्या पसरल्या आणि आठ दिवस बोअरचं मचूळ पाणी मारलं. पिशवी जिथे टेकली तिथे ओल निराळी, जिथे फुगून राहिली तिथे निराळी, आणि रंग त्याप्रमाणे बदलला. बागेकडची भुकटीही माझीच. कडेचा वाफा मी काँक्रीटपेक्षा वीतभर उंच केला होता आणि रोज पाणी देत होतो. ते जाणार कुठे? काँक्रीटखाली.

पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि स्वतः उत्तर आधी लिहून मोकळा झालो, तेही दुसऱ्याच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी अडवलेले पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. पिशवीचं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मला तेव्हाच दिसलं होतं सर. पण तुम्हाला कसं सांगणार?" हे वाक्य मला ॲसिडपेक्षा जास्त लागलं. आपण वर्गात मुलांना गप्प बसवतो, ती कितीतरी वर्षं गप्पच राहतात.

मग दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून केली. मित्रासाठी आणि तुमच्यासाठी ती क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे ओल कुठून येते ते पाहायचं. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, निदान सोळा तास ठेवायचा. आतून थेंब आले किंवा खालची जागा काळवंडली, तर ओल खालची आहे. ती थांबेपर्यंत वर काहीही लावायचं नाही. आमच्याकडे आली. म्हणून वाफा खाली घेतला, कडेने हातभर खोल चर खणला, त्यात भोकांचा पाईप आणि खडी घातली, उतार मागच्या ओहोळाला दिला. अंगणात मी इंग्लिससाहेबांचा चर काढला म्हणा ना! शेजाऱ्याच्या हद्दीतून पाईप न्यावा लागला. विचारलं, तो हो म्हणाला. मामांना चौघांना विचारायचं होतं, मला एकालाच.

नंतर एक उन्हाळा वाट पाहिली. दुधाळ झालेला सीलर त्याने झायलीन लावून सोडवला. हे काम तोंडाला फडकं बांधून भागत नाही. त्याचा खास मास्क लागतो, जागा मोकळी हवी आणि जवळपास विस्तव नको. पांढरी भुकटी आधी कोरड्या ब्रशने झाडली, पाण्याने नव्हे. पाणी मारलं की ती विरघळून पुन्हा आत जाते. जे चिकटून राहिलं, त्याला पाणी मिसळलेलं व्हिनेगर, तेही आधी फरशी भिजवून, आधी आडोशाच्या जागी करून बघून, आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन.

पिशव्यांचे गडद डाग याने जात नाहीत. त्यासाठी आधी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं. अमेरिकेतल्या सिमेंट संघटनेच्या संशोधकांनी १९६६ साली या डागांवर अभ्यास केला होता. त्यांचा उपाय डाय-अमोनियम सायट्रेटचा. पाण्यात वीस-तीस टक्के द्रावण करून पाव तास ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग घासून धुवायचं. मुलाने पुण्याहून आणून दिलं. दोन वेळच्या कामात कडा बऱ्याच विरल्या. ॲसिडने उडालेल्या कोपऱ्याला मात्र जाणाऱ्या रंगाचा उपयोग नव्हता. तिथे त्याने विटकरी झाक असलेला, वाफ जाऊ देणारा सीलर दोन पातळ हातांत मारला.

एक गोष्ट कोणीही करू नये. डागावर सिमेंटचं ठिगळ. ते कधीच मिळून येत नाही. फारच खराब झालं, तर सांध्यापासून सांध्यापर्यंतचा पूर्ण चौकोन काढून नवा भरावा, किंवा सगळ्यावरच पातळ थर घ्यावा. मातीच्या अंगणाची सोय इथे नाही.

यंदाच्या आषाढात पालखी आली तेव्हा वारकरी त्याच काँक्रीटवर झोपले. सतरंज्या टाकल्या होत्या, पण एक म्हातारे बाबा म्हणालेच, "गुरुजी, पहिलं अंगण मऊ होतं." खरंच होतं. मी काय बोलणार?

फाटकाजवळ एका पिशवीचा कोपरा अजून पुसट दिसतो. पाऊस पडला की जास्त कळतो. विद्यार्थी म्हणतो, "सर, अजून एकदा धुऊन देतो, आता पैसे नकोत." दिवाळीनंतर ये म्हटलंय, पैसेही घ्यायचे असं बजावून.

असो. मित्राला एवढंच कळवलंय की गवंड्याला फोन करण्याआधी पट्टी घेऊन डाग मोज, आणि बागेचं पाणी कुठे जातं ते बघ.